तिळाच्या प्रकरणी माधवरावांस अर्ज

अर्जदार: व्यंकटराव निटूरकर, धंदा अर्जनवीस, शिक्षण सातवी, राहणार मलकपेठ.
अर्ज कोणास: कैलासवासी माधवराव हलबर्गेकर, धंदा फोटोग्राफर, दुकान कोठी. हल्लीचा पत्ता अर्जदारास ठाऊक नाही.
तक्रार कोणाविरुद्ध: स्वतः अर्जदाराविरुद्ध.
प्रकरण: फोटो दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरची निवड, आणि त्यापायी एका विधवेच्या गालावरचा तीळ फोटोतून नाहीसा होणे.
घटनेची तारीख: दुकानात कॉम्प्युटर आला त्या वर्षी, दसऱ्यानंतरचा दुसरा सोमवार.
साक्षीदार: एक, अंबूबाई, पेन्शनदार, जिचा तीळ. दोन, हबीबसाहेब, पेन्शन कचेरीतील कारकून, हल्ली निवृत्त. तीन, चिरंजीव सुलभा, तुमची कन्या, जिने हा कागद मागितला.
अर्ज लिहिल्याची तारीख: तुम्ही गेल्यानंतरचा सोळावा दिवस.

माधवराव,

तीस वर्षे मी लोकांच्या वतीने सरकारला लिहीत आलो. माझा अर्ज टेबलावर गेला की कारकून आधी अक्षर पाहतो आणि मग मजकूर, हे तुम्ही स्वतः गिऱ्हाइकांना सांगत असा. मात्र तुम्हाला मी आजवर एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. तशी गरजच पडली नाही. कचेरीच्या फाटकाशी चिंचेखाली माझे टेबल, आणि रस्ता ओलांडला की तुमचे दुकान. काही सांगायचे असले तर मी हाक मारीत असे आणि तुम्ही आतल्या अंधाऱ्या खोलीत असलात तर तिथूनच ओरडत असा, "मुन्शीजी, दार उघडू नक्को! फिल्म धुऊन राहिलो!"

तीन दिवसांमागे तुमच्या तेराव्याला मंडळी जमली होती. जेवणे आटोपल्यावर सतरंजीवर बसून प्रत्येकाने तुमच्याविषयी दोन शब्द सांगितले. कोणी म्हणाले, माधवरावांनी काढलेल्या फोटोत माणूस स्वतःपेक्षा बरा दिसत नसे, पण स्वतःसारखा दिसे. हे वाक्य मला सुचायला हवे होते, असे मनात आले. मग कुकटपल्लीचे तुमचे भाचे प्रकाश म्हणाले, "मामांचा फिल्मवर हात होता, विचारू नका. पण कॉम्प्युटर काही मामांना जमला नाही. त्या बाईचा तीळच उडवून टाकला होता, आठवतं ना?"

मंडळी हसली. हेतू वाईट नव्हता. तेराव्याला माणसे हसायला काही निमित्त शोधतच असतात. सुलभा विड्यांचे तबक घेऊन उभी होती, तिने मान खाली घातली. मी त्या तबकातून एक विडा उचलला आणि तोंडात घातला. तोंडात विडा असला की बोलावे लागत नाही.

माधवराव, तो तीळ तुम्ही उडवला नव्हता. मी उडवला होता. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते आणि त्यांतले एक आता गेले. म्हणून हा अर्ज.

हकीकत क्रमाने मांडतो. ती वर्षे तुम्हाला आठवत असतील. पूर्वी परदेशी फिल्मचा डबा आखातातून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत कपड्यांखाली दडून येत असे आणि तुम्ही तो देवघरातल्यासारखा दोन हातांनी घेत असा. मग तोच डबा कोठीच्या दुकानांत काचेच्या कपाटात उघड दिसू लागला. तुमच्या शेजारच्या टायपिंगच्या वर्गाने पाटी बदलून कॉम्प्युटरची पाटी लावली. गल्लीच्या टोकाला यंत्रावर रंगीत प्रिंट काढणारी लॅब निघाली. माझ्या टाइपरायटरकडे लोक दयेने पाहू लागले. मी त्यांच्याकडे पाहिलेच नाही.

तुम्ही कॉम्प्युटर घेतलात तो हौसेने नव्हे. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक काम करण्याची तुमची रीत होती. भिंगाखाली धरून एकेक डाग, एकेक ओरखडा भरायचा. डोळ्यांना ते झेपेनासे झाले होते. तुम्ही मला सांगितलेत, "सुरुवात फिल्मवरच होणार, शेवट कागदावरच होणार. मधलं पेन्सिलीचं काम तेवढं मशीनला देतो. बस."

तुमची दुसरी एक रीत मी इथे मुद्दाम नमूद करतो, कारण सारे प्रकरण तिच्यावर उभे आहे. पेन्शनीचा, पासपोर्टचा, कोणताही सरकारी फोटो असला की तुम्ही आधी गिऱ्हाइकाचा अर्ज मागून घेत असा आणि त्यात ओळखचिन्ह काय लिहिले आहे ते वाचत असा. कपाळावर व्रण, हनुवटीवर तीळ, भुवईत खाच, जे असेल ते. मग निगेटिव्हच्या पाकिटावर लाल पेन्सिलीने एक ठिपका काढायचा. त्याचा अर्थ, या चेहऱ्यावरचा एक डाग हा डाग नव्हे, त्याला हात लावायचा नाही. मी एकदा विचारले होते की इतका खटाटोप कशाला. तुम्ही म्हणालात, "मुन्शीजी, सरकारनं ज्या खुणेवर माणूस ओळखायचा ठरवलं, तीच आपण पुसली तर त्या माणसानं जायचं कुठं?" मला ते बोलणे आवडले होते. एका अर्जात मी ते माझे म्हणून वापरलेही.

सॉफ्टवेअर दाखवायला कुकटपल्लीहून श्रीनिवास नावाचे विक्रेते आले. त्यांनी दोन दाखवली. एक लहान, जे स्कॅनरसोबतच आले होते. दुसरे मोठे, वेगळे घ्यावे लागणारे, जे उघडेपर्यंत आपला चहा पिऊन होत असे. लहान सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होते. ते दाबले की चेहऱ्यावरची धूळ, ओरखडे, डाग सगळे एकदम जायचे.

"एक बटन सर, फेस क्लीन," श्रीनिवास म्हणाले.

"आणि मूळ?" तुम्ही विचारलेत.

"मूळ अंटे?" मूळ म्हणजे काय, असे त्यांना विचारायचे होते.

"ओरिजिनल हो, ओरिजिनल. ते कुठं जातं?"

"ओरिजिनल किसकू होना सर? क्लीन हो गया ना!"

मी मोठ्याने हसलो. तुम्ही हसला नाहीत. मग त्यांनी मोठे सॉफ्टवेअर दाखवले. त्यात दुरुस्ती चेहऱ्यावर होतच नव्हती. चेहऱ्यावर जणू पारदर्शक कागदाचा थर घालून त्या थरावर काम करायचे, आणि थर उचलला की खाली चेहरा जसाच्या तसा. श्रीनिवास यांनी तो थर दोनदा घातला, दोनदा उचलला. तुम्ही चष्मा काढून पुसलात, पुन्हा लावलात आणि म्हणालात, "परत एकदा उचला."

त्या दिवसापासून आठवडाभर आपला वाद चालला. सकाळी दुकान उघडल्यापासून ते माझ्याकडे पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत. माझे म्हणणे असे होते की लहान बरे. माझ्या धंद्याचा तसा दंडकच आहे.

"पक्की प्रत तयार झाली की कच्चा मसुदा फाडायचा असतो, माधवराव," मी म्हणालो. "मसुदा जपून ठेवणाऱ्याला स्वतःच्या कामावर भरवसा नसतो."

"निगेटिव्ह काय मसुदा आहे का, मुन्शीजी? ते खरेदीखत आहे. आपण काढतो ती नक्कल. नक्कल काढणाऱ्यानं खरेदीखतातच दुरुस्ती केली तर तुमच्यात त्याला काय म्हणतात?"

"फोर्जरी," मी म्हणालो. कायद्याचा प्रश्न कोणी विचारला की उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही. "पण हा चेहरा आहे. जमीन नव्हे."

"तुम्ही अर्जात शब्द खोडला तर बाजूला सही करता ना?"

"करावीच लागते. नाहीतर अर्ज परत येतो."

"मोठं सॉफ्टवेअर सही करून खोडतं. लहान गपचूप खोडतं. एवढाच फरक आहे, बाकी सगळं श्रीनिवासचं भाषण."

मी आवाज चढवला. "बाकावर चार माणसं बसली आहेत. त्यांना सही नको, फोटो हवा आहे. कचेरी दोन वाजता खिडकी बंद करते."

"हौ, तेही खरं आहे," तुम्ही म्हणालात.

तेवढ्यावर मी थांबायला हवे होते. मी मात्र दोन दिवस बसून एक तुलनापत्र तयार केले. फुलस्केप कागद, मधोमध रेघ, डावीकडे लहान, उजवीकडे मोठे, बारा कलमे. वेग, सोपेपणा, गिऱ्हाइकांचा खोळंबा, जागा, शिकायला लागणारा काळ. आठ कलमांत लहान सरस ठरले. एकाही कलमात, दुरुस्तीनंतर मूळ चेहऱ्याचे काय होते, हे मी लिहिले नाही. तुमचा तोच एक मुद्दा होता आणि तोच मी कागदावर येऊ दिला नाही. विरुद्ध बाजूचा बळकट मुद्दा कागदावर न येऊ देणे ही माझ्या धंद्यातली एक कला आहे. ती मी मित्रावर चालवली.

तुम्ही तो कागद दुकानाच्या दारात उजेडाला धरून शेवटपर्यंत वाचलात. म्हणालात, "काय लिहिलं आहे, मुन्शीजी! याच्यापुढं माझं काय चालणार? राहू द्या लहानच. काही महिने बघू." मला वाटले मी जिंकलो. माझे बोलणे तुम्हाला पटले नव्हते, हे उमगायला मला पुष्कळ काळ लागला. कोणी दोन दिवस खपून लिहिलेला कागद नाकारणे तुम्हाला जमत नसे, इतकेच.

आता तो सोमवार. तुम्ही एका कारखान्यातल्या यंत्रांचे फोटो काढायला कुकटपल्लीला गेला होतात. जाताना म्हणालात, "दुकानात जरा बसा. लोक येतील, सांगा संध्याकाळी या. मशीनला हात नक्को लावू." शनिवारी काढलेले अकरा चेहरे तुम्ही स्कॅन करून ठेवले होते. त्यांची पाकिटे टेबलावर ओळीने होती. दहा वाजल्यापासून बाक भरू लागला. कोणी विचारी, "आज मिळणार का नाही?" कोणी म्हणे, "कॉम्प्युटर आला म्हणता आणि उशीर तोच." मला ते सहन झाले नाही. आपल्या मित्राच्या दुकानाला कोणी नाव ठेवावे, हे मला सहन झाले नाही, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण असे की मला बटण ठाऊक होते आणि बाकावरची माणसे पाहत होती.

मी खुर्चीवर बसलो आणि अकरा चेहऱ्यांवर ते बटण दाबले. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरने इंग्रजीत एक प्रश्न विचारला. जुन्याच्या जागी नवा ठेवू का, अशा अर्थाचा तो असावा. मी प्रत्येक वेळी होय म्हटले. लॅबमध्ये नेऊन प्रिंट काढून आणले. दीड वाजेपर्यंत बाक रिकामा झाला. मला फार अभिमान वाटला.

त्यांत अंबूबाई होत्या. यजमान कचेरीत शिपाई होते, ते वारले, आणि कुटुंब पेन्शनीसाठी बाईंची धावपळ चालली होती. शनिवारी तुम्ही त्यांचा फोटो काढलात तेव्हा मी तिथेच होतो. बाई कॅमेऱ्यापुढे लाकडासारख्या बसल्या होत्या. तुम्ही त्यांना त्यांच्या गावच्या बाजाराविषयी विचारत राहिलात, कोणत्या वारी भरतो, ज्वारी कशी असते, आणि त्या बोलता बोलता सैल झाल्या तेव्हा क्लिक केलेत. पांढरी भिंत, पांढरे लुगडे, पांढरे केस, तरी लुगड्याची एकेक चुणी फोटोत वेगळी दिसत होती. ते काम दुसऱ्या कोणाला साधले नसते.

सोमवारी त्यांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हे मीच का हो, मुन्शीजी?"

"तुम्हीच. वय कमी दिसतंय, एवढंच."

"आता वय कमी दिसून काय करायचं मला?" असे म्हणून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी तो फोटो डिंकाने अर्जाला चिकटवला. त्याच अर्जात, फोटोपासून तीन ओळी खाली, माझ्या हस्ताक्षरात लिहिले होते, ओळखचिन्ह: डाव्या गालावर ठळक तीळ. अंबूबाईंचे पाकीट माझ्या कोपराशी होते आणि त्यावर लाल ठिपका होता.

अर्ज दोन महिन्यांनी परत आला. इसम व फोटो जुळत नाही, असा शेरा होता. बाईंना खिडकीशी बोलावून हबीबसाहेबांनी ओला रुमाल दिला आणि म्हटले, "अम्मा, जरा गाल पोछो." तीळ काजळाने काढलेला आहे की काय, हे पाहायचे होते. बाईंनी साऱ्या रांगेसमोर गाल पुसला. तीळ होता तिथेच राहिला. तरी कागद तो कागद. दुसऱ्याच्या नावावर पेन्शन उकळायला आलेली बाई, असा संशय त्या खिडकीपासून त्यांच्या चाळीपर्यंत पोहोचला.

अंबूबाई माझ्याकडे आल्या नाहीत, तुमच्या दुकानात आल्या. मी चिंचेखालून पाहत होतो. तुम्ही फोटो पाहिलात, बाईंचा चेहरा पाहिलात, आत जाऊन पाकीट आणलेत, त्यावरचा ठिपका पाहिलात. मग रस्त्यापलीकडे माझ्याकडे पाहिलेत. मी टाइपरायटरमध्ये कागद घालू लागलो. तुम्ही रस्ता ओलांडून आलात.

"मी कुकटपल्लीला गेलो त्या दिवशी मशीनला हात लावला होता?"

"सॉफ्टवेअरमध्येच काही दोष असेल," मी म्हणालो.

तुम्ही हातातले पाकीट खिशात घातलेत. "असेल," म्हणालात आणि परत गेलात. माधवराव, तुम्ही तेव्हा मला दोन शब्द सुनावले असते तर आज मला हा कागद लिहावा लागला नसता.

कॉम्प्युटरमधला चेहरा तर पुसून गेला होता. पण निगेटिव्ह तुम्ही कधीच कोणाच्या हवाली करीत नसा, म्हणून ते शाबूत होते. ते घेऊन तुम्ही बाईंसोबत हबीबसाहेबांच्या खिडकीशी गेलात. मीही मागे जाऊन उभा राहिलो. हबीबसाहेबांनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडाला धरले.

"ये क्या है मियाँ? तिल तो सफेद है."

"निगेटिव्हमें सब उलटा दिखता, साब. काला सो सफेद, सफेद सो काला."

"तो इनके बाल काले कायकू हैं?"

"सफेद हैं, इसलिए."

हबीबसाहेबांनी निगेटिव्ह, बाई आणि तुम्ही, तिघांकडे आळीपाळीने पाहिले. "बाल काले, तिल सफेद. हलबर्गेकरसाब, ये तो कोई तीसरीच औरत लेके आए तुम!" सारी कचेरी हसली. अंबूबाईंनाही हसू आले. तुम्ही तसेच निघालात, दुकानात जाऊन अंधाऱ्या खोलीत जुन्या पद्धतीने हाताने एक प्रिंट काढलेत, आणि खिडकी बंद व्हायच्या आत ओलसर प्रिंट हबीबसाहेबांपुढे ठेवलेत. त्यात तीळ होता, चुण्या होत्या, बाजाराची आठवण काढणाऱ्या अंबूबाई होत्या. हबीबसाहेब बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "ये है फोटो. मगर फाइल में कुछ लिखा हुआ तो होना."

लिहिलेले हवे होते, म्हणून तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन बसलात, गिऱ्हाईक बसते त्या स्टुलावर.

"लिहा, मुन्शीजी. फोटोग्राफरच्या चुकीनं तीळ पुसला गेला. बाईंचा काही दोष नाही."

"कोणाच्या चुकीनं?"

"फोटोग्राफरच्या म्हणालो ना. दुकान कोणाचं आहे?"

"तुमचं. पण माधवराव…"

"पण काय? तुमचं नाव घातलं तर उद्या ते तुमचे सगळे अर्ज उघडून बघतील. या चिंचेखाली कोण बसू देईल तुम्हाला? माझं काय, मी आत अंधारात काम करणारा माणूस. लिहा, बाई थांबून राहिल्या."

मी लिहिले. आयुष्यात इतके सुबक अक्षर मी कधी काढले नसेल. समास सरळ, एकही खाडाखोड नाही. माझ्या हातून गेलेला सर्वांत खोटा कागद तो होता आणि तुम्ही त्याच्या खाली सही केलीत. जाताना म्हणालात, "अक्षर काय आहे तुमचं!"

अंबूबाईंना पेन्शन मिळाली. मात्र कचेरीत तोंडी हुकूम निघाला की हलबर्गेकरांच्या दुकानाचे फोटो घ्यायचे नाहीत. लेखी असता तर मी त्याविरुद्ध अर्ज केला असता, असे मी अनेकदा मनाशी म्हटले. लोक तुमच्या दारावरून पुढच्या गल्लीतल्या दुकानात जाऊ लागले. मी रोज ते पाहत होतो. माझ्या टेबलाशी मात्र रांग तशीच होती. कोणी विचारले, "समोर काढू का फोटो?" तर मला सांगावे लागे, "तिथला चालत नाही." हे वाक्य मी किती वेळा उच्चारले, माधवराव. तुम्हाला ते ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

तुम्ही त्याच हिवाळ्यात मोठे सॉफ्टवेअर घेतलेत आणि साठी उलटल्यावर ते शिकलात. प्रकाशरावांनी आणि सर्व मंडळींनी हे नीट वाचावे. एक शंभर पानी वही केली होतीत. तिच्यात प्रत्येक बटणाचे चित्र आणि पुढे मराठीत त्याचे काम. पडद्यावरच्या रंगावर तुमचा विश्वास नव्हता. सुलभाच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांचा फिल्मवर फोटो काढायचा, स्कॅन करायचा, दुरुस्त करायचा, प्रिंट आणायचा आणि तो प्रिंट दुकानाच्या दारात सकाळच्या उन्हात बांगडीशेजारी धरायचा. हिरवा जुळला नाही की पुन्हा. सुलभा वैतागून म्हणे, "बाबा, हात आखडला माझा." तुम्ही म्हणत असा, "बाळा, पडदा खोटं बोलतो, बांगडी नाही बोलत. अजून एकदाच." महिनाभरानंतर हिरवा जुळला. त्या दिवशी तुम्ही प्रिंट घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे आलात आणि टेबलावर बांगडी आणि प्रिंट शेजारी शेजारी ठेवलेत. ज्याच्या तुलनापत्राने तुमचे दुकान बुडवले त्यालाच आधी दाखवायला आलात. इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि माझ्या ओळखीत पुष्कळ मोठी माणसे आहेत.

त्यानंतर मी तुम्हाला खरे सांगायचे ठरवले, निदान चार वेळा. खरे तर तुम्हाला ते ठाऊकच होते. मला फक्त ते माझ्या तोंडून निघायला हवे होते. एकदा इराणी हॉटेलात मी सुरुवात केली, "माधवराव, त्या सोमवारी…" तुम्ही बशी माझ्याकडे सरकवलीत. "चहा थंड होऊन राहिला, मुन्शीजी." तुम्ही मला वाचवत होता असे मी तेव्हा समजलो आणि कृतज्ञतेने चहा प्यालो. आज मला वाटते, कदाचित तुम्हाला ऐकायचेच नव्हते. ऐकले असतेत तर तुम्हाला मला माफ करावे लागले असते, आणि ती तुमची तयारी नसेल. यांतले खरे कोणते, हे मला कळलेले नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी सुलभाने मला दुकानात बोलावले. दुकान ती पुढे चालवणार आहे, ही चांगली गोष्ट तुम्हाला कळवतो. ती कॉम्प्युटरपुढे बसली होती.

"काका, लॅबवाले म्हणतात, आता सगळं ऑटोमॅटिक आलं आहे, तेच टाका. सगळे म्हणतात, बाबांना कॉम्प्युटर जमलाच नव्हता, म्हणून तो घोटाळा झाला. तुम्ही तर होता तेव्हा. काय ठेवू?"

मी उभ्याउभ्याच तिला सगळे सांगितले. तुलनापत्र, अकरा चेहरे, लाल ठिपका, हबीबसाहेबांसाठी लिहिलेला कागद. तिने कॉम्प्युटर बंद केला.

"बाबांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि परवा प्रकाशदादा बोलत होता तेव्हा तुम्ही विडा खात होता."

"हौ," मी म्हणालो.

"घरात आई शेवटपर्यंत त्यांना म्हणायची, नसतं ते मशीन घेऊन नाव घालवलंत. ते हसायचे नुसते." तिने डोळे पुसले. मग तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखीच हळू, म्हणाली, "मला तोंडी नको, काका. लिहून द्या. तेवढं तरी तुम्हाला येतं. पहिल्या मासिक श्राद्धाला बाबांची स्मरणिका छापते आहे. जे हसले त्या सगळ्यांच्या हातात ती जाणार."

तेव्हा हा अर्ज तुमच्या नावे असला तरी स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस साक्षीदार समजावे. सुलभाने मोठे सॉफ्टवेअरच ठेवावे, अशी माझी शिफारस आहे. या शिफारशीसोबत तुलनापत्र जोडलेले नाही.

सबब विनंती की, तीळ पुसला गेल्याचा ठपका तुमच्या नावावरून काढून अर्जदाराच्या नावावर घालण्यात यावा. हबीबसाहेबांच्या फाइलमधला तो कागद खोटा असून तो लिहिणाराच गुन्हेगार आहे, हे मान्य करण्यात यावे. इतके करायला तुमची गरज नाही, ते मंडळी करतील.

तुमच्याकडे मागणे वेगळे आहे. एखाद्या प्रकरणात एका पक्षाने आपले म्हणणे मांडलेच नाही तर निकाल एकतर्फी लागतो. तुम्ही म्हणणे मांडले नाहीत, आणि मीही तुमच्या वतीने मांडले नाही. तुम्ही माझ्यासाठी नाव दिलेत, दुकानाची वर्दळ दिलीत, चहा दिलात. एक गोष्ट मात्र माझ्या वाट्याची होती, ती तुम्ही कधीच दिली नाहीत. तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत. तो राग माझा होता, माधवराव, आणि तो मला मिळाला नाही. इतकी वर्षे रोज सकाळी रस्त्यापलीकडून तो येईल, म्हणून मी टेबल मांडून बसत आलो.

तरी या अर्जाचा विचार होऊन तो राग अर्जदारास देण्यात यावा. उत्तर मिळावे. माफीचे नको.

आपला,
व्यंकटराव निटूरकर
अर्जदार